कै. श्रीराम भिकाजी वेलणकर

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शहरांत येणाऱ्या पत्रांवर ४३१००१ यासारखा सहा आंकडी क्रमांक तुम्हीं पाहिला असेल. हा पिन कोड योजिणारे गृहस्थ आपल्या महाराष्ट्रांतलेच.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांचा जन्म १९१५ सालीं झाला. टपाल व तार खात्यांत चढत चढत ते त्याच्या वरिष्ठ मंडळाचे सदस्य झाले. त्या काळीं खात्यापुढें मोठी अडचण होती. देशांत भाषा अनेक, लिप्या अनेक, आणि एकाच नांवाचीं गांवें ठिकठिकाणीं. आपल्या शहराचें त्या वेळचें नांव औरंगाबाद. त्याच नांवाचें शहर बिहारांतहि आहे. प्रांताचें नांव राहून गेलें किंवा अक्षर लागलें नाहीं, तर पत्रानें शेंकडों कोस भलतीकडे जावें. तोंवर नोकरीची मुदत टळावी, आजारी मातेची खबर मुलास उशिरां मिळावी.

पत्र वाटेंत अनेकांच्या हातांतून जातें. प्रत्येकाला सगळा पत्ता उमगण्याची गरज नाहीं. पुढें कोणीकडे धाडावें एवढें कळलें म्हणजे पुरे. वेलणकरांच्या योजनेचें मर्म हेंच. पहिला आंकडा विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वांटपाचें टपालघर. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं ही पद्धति सुरू झाली. भौगोलिक विभाग आठ झाले. नववा लष्करी टपालाचा. आपला क्रमांक ४ नें आरंभ होतो, बिहारचा ८ नें. मग घोटाळा कसला? मुंबईचे जुने क्रमांकहि मोडले नाहींत. मुंबई २८ चें ४०००२८ झालें.

आज संगणकांच्या जाळ्यांतहि असाच प्रकार दिसतो. नवा संगणक जोडला कीं तो स्वतःसाठीं पत्ता मागतो. पण त्याची हांक जाळ्याच्या त्याच भागांत विरते. तेव्हां सीमेवरील एक मध्यस्थ यंत्र ती उचलतें, कोणत्या भागांतून आली याची खूण जोडतें, आणि पत्ते देणाऱ्या दूरच्या यंत्राकडे पोंचवितें. त्या खुणेमुळेंच त्या भागाला साजेसा पत्ता ठरतो, व उत्तर मागणाराकडे परत येतें. खूण नसेल तर मध्यस्थ कितीहि तत्पर असला तरी व्यर्थ.

वेलणकर संस्कृताचे पंडित व कवि होते. एका बाजूनें वाचल्यास रामाची आणि उलट वाचल्यास कृष्णाची स्तुति व्हावी, असें विलोमकाव्य त्यांनीं रचिलें. अक्षर जागच्या जागीं बसविण्याचा हा व्यासंग आंकडे बसवितांनाहि त्यांच्या कामीं आला असेल. १९९९ सालीं ते निवर्तले.

२०२३ सालीं आपल्या शहराचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें. क्रमांक मात्र तोच राहिला, आणि जुन्या नांवानें टाकलेलें पत्रहि त्याच्या आधारें घरीं पोंचतें. म्हणून, मुलांनो, पत्ता लिहाल तेव्हां ते सहा आंकडे स्वच्छ लिहा. पुढच्या हाताचें काम सोपें करणें, हेंच वेलणकरांचें खरें स्मरण होय.