निकोला टेस्ला : मोटर आणि बिनतारी

पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, आपल्या उद्यमबागेतील लेथ आणि फाउंड्रीतील भट्टीचा ब्लोअर ह्या सर्वांना फिरविणारी वस्तू बहुधा एकच असते, ती म्हणजे इंडक्शन मोटर. जगात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज निरनिराळ्या मोटरी खातात. कारखान्यांपुरते पाहिले तर हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास जाते. ह्या मोटरीची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांपैकी अग्रगण्य म्हणजे निकोला टेस्ला. त्यांनी आयुष्यात दोन ध्यास घेतले. एक मोटरीचा आणि दुसरा बिनतारी विजेचा. पहिल्याने त्यांना कीर्ती दिली, दुसऱ्याने त्यांना कफल्लक केले. हेच दोन विषय आज कारखान्यांत एकत्र येऊन वीज वाचविण्याच्या कामी लागले आहेत. म्हणून हे चरित्र तंत्रविद्येच्या विद्यार्थ्याने तरी अवश्य जाणून घ्यावे.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान ह्या खेड्यात एका सर्बियन कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. वडील मिलुटिन हे धर्मगुरू होते. आई फारशी शिकलेली नव्हती, पण तिची स्मरणशक्ती असामान्य होती आणि घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः बनवीत असे. आपल्या अंगची कल्पकता आईकडून आली असे टेस्ला पुढे नेहमी मानीत. मुलाने आपल्यासारखेच धर्मगुरू व्हावे ही वडिलांची इच्छा होती. परंतु तरुणपणी निकोला मरणाच्या दारातून परत आला, आणि त्या आजारपणात वडिलांनी त्याला इंजिनिअर होऊ देण्याचा शब्द दिला.

१८७५ साली तो ग्राझ येथील तंत्रशाळेत दाखल झाला. तेथे वर्गात ग्राम यांचे एकदिश प्रवाहाचे यंत्र दाखविण्यात आले. यंत्र मोटर म्हणून फिरू लागले की त्याच्या कॉम्युटेटरवर ब्रश घासून ठिणग्या उडत. ह्या ठिणग्या म्हणजे वाया जाणारी शक्ती, हे ह्या विद्यार्थ्याच्या मनाला खटकले. कॉम्युटेटर आणि ब्रश मुळातच नसलेली मोटर बनवता येईल असे त्याने सुचविले. प्राध्यापकांनी सगळ्या वर्गासमोर ती कल्पना अशक्य कोटीतील ठरविली. पुढे त्याचे अभ्यासावरचे लक्ष उडाले, जुगाराचा नाद लागला आणि पदवी न घेताच त्याने शाळा सोडली. १८७९ मध्ये वडील वारले. पण त्या ठिणग्या काही त्याच्या डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत.

कित्येक वर्षे घोळत असलेल्या प्रश्नाचे उत्तर १८८२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टच्या एका उद्यानात मिळाले. मित्राबरोबर संध्याकाळी फिरत असता त्यांना एकाएकी मोटरीची रचना सुचली, आणि जमिनीवर काठीने आकृती काढून त्यांनी ती मित्राला समजावून दिली. ती कल्पना थोडक्यात अशी. चक्रीपाळण्याभोवती चार मुले उभी आहेत आणि प्रत्येकजण आपली पाळी आली की ढकलतो. मुले जागची हलत नाहीत, पण पाळणा मात्र फिरत राहतो. त्याचप्रमाणे मोटरीच्या स्थिर भागावरील वेटोळ्यांना प्रत्यावर्ती प्रवाह पाळीपाळीने दिले, तर वेटोळी स्थिर राहतात आणि त्यांचे चुंबकीय क्षेत्र मात्र गरगर फिरते. हे क्षेत्र मधल्या रोटरमध्ये आपोआप प्रवाह निर्माण करते आणि त्याला आपल्यामागे ओढीत नेते. रोटरला वीज पोहोचविण्यासाठी ब्रश नको, कॉम्युटेटर नको, ठिणगी नको.

येथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी तिची गरज पडणार आहे. रोटर फिरत्या क्षेत्राला कधीच पुरता गाठू शकत नाही. गाठले तर त्यात प्रवाहच निर्माण होणार नाही आणि ओढही संपेल. आपल्याकडील चार ध्रुवांच्या मोटरीत क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे करते, तर पूर्ण भार घेतलेला रोटर समजा १४४० फेरे करतो. ह्या फरकाला स्लिप म्हणतात. भार वाढला की फरक वाढतो, भार कमी झाला की फरक कमी होतो. मोटर किती ओझे ओढते आहे ह्याची साक्ष ह्या फरकात असते.

कल्पना सुचली तरी तिला गिऱ्हाईक नव्हते. १८८२ मध्ये टेस्ला पॅरिसला एडिसन यांच्या कंपनीच्या शाखेत नोकरीस लागले. पुढच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी स्ट्रासबुर्ग येथे असता त्यांनी फावल्या वेळात आपली पहिली मोटर फिरवून पाहिली. १८८४ साली ते न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले तेव्हा खिशात अवघे चार सेंट होते असे ते सांगत. एडिसन यांच्याकडे त्यांनी सुमारे सहा महिने काम केले. ठरलेला मोबदला मिळाला नाही अशी त्यांची तक्रार होती, आणि त्यांनी नोकरी सोडली. पुढे भागीदारीत काढलेल्या कंपनीतूनही त्यांना रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागले. १८८६-८७ च्या हिवाळ्यात तर जगाचे यंत्रयुग बदलणारा हा माणूस रोजंदारीवर चर खणीत होता.

दिवस पालटले ते १८८७ मध्ये. दोन भांडवलदारांच्या साह्याने त्यांनी प्रयोगशाळा काढली आणि १ मे १८८८ रोजी मोटरीची मुख्य पेटंटे त्यांच्या नावावर झाली. त्याच महिन्यात अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी व्याख्यान दिले, आणि उन्हाळ्यात जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ही पेटंटे घेतली. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की इटलीत तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी फिरत्या क्षेत्राची कल्पना स्वतंत्रपणे शोधली होती. तसेच आज सर्वत्र दिसणाऱ्या तीन फेजच्या, पिंजरा रोटर असलेल्या मोटरीला व्यवहार्य रूप देण्याचे श्रेय बरेचसे जर्मनीत काम करणाऱ्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांच्याकडे जाते.

एडिसन यांचा एकदिश प्रवाह आणि वेस्टिंगहाउस यांचा प्रत्यावर्ती प्रवाह ह्यांच्यात मोठी चुरस लागली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात प्रत्यावर्ती प्रवाहाचे दिवे झळकले. १८९५ मध्ये नायगारा धबधब्यावरील वीजकेंद्र सुरू झाले आणि पुढच्या वर्षी तेथली वीज बफेलो शहरात पोहोचली. ही लाट आपल्याकडेही लवकरच आली. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना शिवनसमुद्राचे नाव नवे नाही. १९०२ साली कावेरीच्या त्या धबधब्यावरील वीज जवळजवळ दीडशे किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. इतक्या लांब वीज नेणे त्या काळी प्रत्यावर्ती प्रवाहामुळेच साधले.

ह्यापुढे टेस्ला मोटरीच्या कामात रमले असते तर त्यांचे उत्तरायुष्य सुखात गेले असते. पण त्यांना दुसऱ्या ध्यासाने घेरले होते. १८९१ मध्ये त्यांनी उच्च कंपनसंख्येचा प्रवाह देणारी आपली प्रसिद्ध कॉइल तयार केली. तारेच्या जोडणीशिवाय हातातल्या नळ्या उजळवून ते सभागृहाला थक्क करीत. मार्च १८९५ मध्ये त्यांची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली, तरी त्यांनी पुन्हा उभारणी केली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी पाण्याच्या हौदात एक लहानशी लोखंडी होडी सोडली. होडीला दोर नव्हता, तार नव्हती. टेस्ला दूर उभे राहून बिनतारी लहरींनी तिला वळवीत आणि तिचे दिवे लावीत. लोकांना ती जादू वाटली.

ह्या होडीकडे नीट पाहावे. तिचा पंखा मोटरीने फिरे आणि त्या मोटरीला वीज मिळे ती होडीतल्याच बॅटरीतून. बिनतारी लहरीकडे काम एकच, ते म्हणजे हुकूम पोहोचविण्याचे. शक्ती जवळची आणि निरोप दूरचा, अशी ही वाटणी होती. टेस्ला यांचे दोन्ही ध्यास येथे एका हौदात शेजारी शेजारी पोहत होते.

पण टेस्ला ह्या वाटणीवर संतुष्ट नव्हते. त्यांना खुद्द शक्तीच तारेवाचून पृथ्वीभर न्यायची होती. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्यांनी प्रचंड विद्युतदाबाचे प्रयोग केले. १९०१ पासून लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे सुमारे ५७ मीटर उंचीचा मनोरा उभा राहू लागला. त्यासाठी जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले होते. परंतु त्याच वर्षी डिसेंबरात मार्कोनी यांनी त्याहून पुष्कळ साध्या साधनांनी अटलांटिकपलीकडे संदेश धाडला. मॉर्गन यांनी अधिक पैसा देण्याचे नाकारले. चारी दिशांना पसरणारी लहर अंतराबरोबर विरळ होत जाते. निरोपाला कणभर शक्ती पुरते, गिरणी चालवायला पुरत नाही. ह्या अडचणीतून टेस्ला यांना वाट सापडली नाही. काम बंद पडले, आणि १९१७ मध्ये हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी गेलेला तो मनोरा पाडण्यात आला. दैवदुर्विलास असा की त्याच वर्षी त्यांना अमेरिकन अभियंत्यांचे एडिसन यांच्या नावाचे पदक मिळाले.

उरलेले आयुष्य त्यांनी हॉटेलांच्या खोल्यांत काढले. लग्न केले नाही. कबुतरांना दाणे घालणे हा त्यांचा विरंगुळा होता. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत त्यांना एकट्यानेच मृत्यू आला. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या एका महत्त्वाच्या पेटंटातील मुख्य दावे रद्द ठरविले, आणि त्या निर्णयात टेस्ला यांच्या आधीच्या कामाचीही दखल घेतली. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या मापाला टेस्ला हे नाव देण्यात आले.

आता पुन्हा कारखान्यात येऊ. मोटर निवडताना थोडी मोठीच असावी अशी आपली सवय असते. दहा अश्वशक्तीच्या कामाला वीसची मोटर बसते. निम्म्याहून कमी भारावर चालणाऱ्या मोटरीची कार्यक्षमता घसरते, पॉवर फॅक्टर तर फारच बिघडतो. पंपाचे पाणी कमी करायचे तर आपण व्हॉल्व्ह आवळतो आणि मोटर मात्र पूर्ण वेगाने फिरवतो. वास्तविक पंख्याला किंवा अभिसरणाच्या पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती सुमारे ५१ टक्केच लागते. पण कोणती मोटर किती भारावर चालते हेच ठाऊक नसेल तर सुधारणा करायची कुठे? प्रत्येक मोटरीपर्यंत मापनाची केबल टाकणे खर्चाचे काम, म्हणून ते राहूनच जाते.

ह्या ठिकाणी बिनतारी संवेदक उपयोगी पडतो. तळहातावर मावणारी ही डबी मोटरीच्या अंगावर बसवितात. मोटरीची कंपने, तापमान आणि बाहेर झिरपणारे चुंबकीय क्षेत्र ती टिपते आणि त्यावरून रोटरचा वेग काढता येतो. ती मधूनमधून जागी होते, निरोप धाडते आणि पुन्हा झोपी जाते, म्हणून लहानशी बॅटरीही दीर्घकाळ पुरते. अशा अल्पशक्तीच्या निरोपांसाठी २००३ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. समजा मोटरीच्या पाटीवर १४४० फेरे लिहिले आहेत आणि संवेदक १४८० दाखवितो. पूर्ण भाराचा फरक ६०, येथे फरक २०, म्हणजे मोटर सुमारे एक तृतीयांश भारावर चालते आहे. हा अंदाज झाला. विजेचा दाब, मोटरीचे तापमान आणि पूर्वी झालेले रिवाइंडिंग ह्यांनी त्यात फरक पडतो, म्हणून नवी मोटर किंवा वेग बदलणारा ड्राइव्ह घेण्याआधी प्रत्यक्ष मापन करावे. शिवाय डबी स्वतः एक युनिटही वाचवीत नाही. तिचा निरोप वाचून कोणी उठले तरच वीज वाचते.

टेस्ला यांनी ग्राझच्या वर्गात वाया जाणाऱ्या ठिणग्या पाहिल्या आणि तेथून त्यांचे काम सुरू झाले. आज वाया जाणारी वीज ठिणगीसारखी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा निरोप यावा लागतो. शक्ती तारेने यावी आणि निरोप बिनतारी जावा, ही त्या होडीतली वाटणीच शेवटी जगाने स्वीकारली. ती प्रथम करून दाखविणाऱ्या माणसाला मात्र ती पुरेशी वाटली नाही, आणि ह्या असमाधानाची किंमत त्याने एकट्याने मोजली. विद्यार्थी मित्रहो, उद्या वर्कशॉपमध्ये गेलात तर मोटरीवरची पाटी पुसून वाचा, टॅकोमीटर लावा आणि दोन आकड्यांतला फरक वहीत लिहून काढा.