लाल बावट्यातला फकिरा

आदिलाबादला आम्ही घरात मराठी बोलतो, बाजारात तेलुगू आणि कॉलेजात इंग्रजी. अण्णाभाऊ साठे मला यांतल्या कुठल्याच वर्गात भेटले नाहीत, आजीकडे भेटले. आजी मांगवाड्यातली. लग्नाआधीच बाप्तिस्मा झालेला, तरी १ ऑगस्टला ती अण्णाभाऊंच्या फोटोला हार घालतेच.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं मूळ नाव. जन्म १९२० चा, वाटेगावचा (आज जिल्हा सांगली). शाळा दीड दिवसाची. मांगांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमात असा शिक्का मारला होता, हजेरी द्यावी लागायची. घरचे सगळे पायी मुंबईला आले. हा पोरगा तिथं पाट्या वाचत अक्षरं शिकला, गिरणीत लागला आणि कम्युनिस्ट झाला.

त्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त मिळे. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना तिथं येऊ देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. वर्गलढा जिंकला की जात आपोआप जाईल, असं पक्षात बरेच जण मानत. खरं सांगू, चर्चमध्येही आम्ही असंच काहीतरी मानतो. माझ्या सर्टिफिकेटवर मात्र ‘बीसी-सी’ आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या दलितांना तेलंगणात तोच रकाना.

१९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ वाजवला. (१९५६ ला आमच्या जिल्ह्यातलं किनवट तिकडे गेलं, आम्ही इकडेच राहिलो. ते असो.)

आमच्या अमेरिकन साहित्याच्या पेपरला रिचर्ड राइट आहे. काळा लेखक, शिकागोत कम्युनिस्ट झाला आणि काही वर्षांनी वैतागून बाहेर पडला. अण्णाभाऊ बाहेर पडले नाहीत. गप्पही बसले नाहीत. १९५८ ला मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना त्यांनी शेषनागाची जुनी कथा मोडली आणि पृथ्वीचा भार दलितांच्या आणि कामगारांच्या हातांवर ठेवला. दोघांच्याही. पुढच्या वर्षी ‘फकिरा’ आली. तिचा नायक मांग, दुष्काळात आपल्या माणसांसाठी धान्य लुटणारा. ती अर्पण केली बाबासाहेबांना, मार्क्सला नाही. मला वाटतं, लाल झेंड्याखाली उभं राहून हे करायला जास्त धीर लागतो. १९६१ ला तिला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं, त्याच वर्षी ते रशियाही पाहून आले. परतले ते घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच.

१८ जुलै १९६९ ला गेले, पन्नाशीही गाठली नाही. ही तारीख आजीला ठाऊक नाही. तिला फक्त १ ऑगस्ट माहीत आहे, आणि हार ती आदल्या रात्रीच ओवून ठेवते.