दगड वाचणारे डॉ. सांकळिया

(बी. ए. भाग २)

मागच्या वर्षी प्रवेशाचा अर्ज भरताना आईचा व्यवसाय या रकान्यात मी घरकाम असे लिहिले. ते खरे नव्हते. माझी माय पंधरा वर्षे गिट्टी फोडत होती. खदानीतून आलेल्या काळ्या दगडाच्या ढिगाशेजारी बसून, बोटांना चिंध्या गुंडाळून, सुतकीने दिवसभर दगड बारीक करायचा. पुढे क्रशर आले आणि ते काम सुटले. आता ती मिळेल त्या मजुरीला जाते. ही घरची गोष्ट इथे सांगण्याचे कारण इतकेच की, तिच्यावाचून मी कै. डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांच्यावर का लिहितो आहे हे वाचकांना कळणार नाही.

आपल्या ग्रंथालयात 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' नावाचे पुस्तक आहे. डॉ. सांकळिया आणि डॉ. म. श्री. माटे यांनी लिहिलेले हे पुस्तक १९७६ साली निघाले. मी ते परीक्षेच्या निमित्ताने काढले आणि परीक्षा झाल्यावरही परत करीना, तेव्हा इतिहासाच्या सरांनी स्वतःजवळचे सांकळियांचे दुसरे, इंग्रजी पुस्तक वाचायला दिले. दगडी हत्यारे कशी घडवीत, त्यांना काय म्हणावे आणि त्यांचा उपयोग काय असावा, एवढाच त्याचा विषय. इंग्रजी मला जड जाते. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. पण त्यातल्या आकृत्या पाहिल्या आणि वाटले, हे तर मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

सांकळियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. मूल इतके अशक्त की जगेल असे कोणाला वाटले नव्हते. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर त्यांच्या हाती आले. फारसे कळले नाही, पण प्राचीन भारताचा शोध घ्यायचा हे मनाने घेतले. म्हणून संस्कृत घेतले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास यांच्या हाताखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तिथून लंडन. तिथे गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच. डी. आणि मेडन कॅसल येथे व्हीलरसाहेबांच्या उत्खननात प्रत्यक्ष मातीतले शिक्षण.

इथवर पाहिले तर हा मनुष्य मूर्ती, मंदिरे, ताम्रपट यांचा अभ्यासक व्हायचा. दगडाकडे तो वळला पुण्यात. बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि सांकळिया तिथे प्राध्यापक झाले. इरावतीबाई कर्वे, डॉ. कत्रे, शेजवलकर ही मंडळी त्यांच्याबरोबरच आली. दोनच वर्षांनी गुजरातेत अश्मयुगाच्या शोधाची मोहीम निघाली. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हातकुऱ्हाड सापडली होती, आणि त्यानेच पुढे गुजरातेतही अशी हत्यारे वेचली होती. त्याचाच माग सांकळियांनी काढला. लांघणज येथे वाळूच्या टेकडीत त्यांना माणसांचे सांगाडे मिळाले आणि सोबत नखाएवढी दगडी हत्यारे. चंद्रकोरीसारखी, त्रिकोणी. अशी हत्यारे एकेकटी वापरायची नसतात. बाणाच्या काडीला खाच पाडून डिंकाने ती बसवली की टोक आणि काटे तयार.

मित्रहो, नखाएवढा दगडाचा तुकडा माणसाने घडवला की निसर्गात आपोआप फुटला, हे ओळखायचे कसे? सांकळियांचे निम्मे आयुष्य या एका प्रश्नात गेले असे मी म्हणेन. दगडाच्या कडेजवळ नेमका घाव बसला की खालचा छिलका सुटतो. घावाच्या जागेखाली एक फुगवटा राहतो आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यासारख्या लाटा उमटतात. ज्या दगडातून छिलका निघाला त्या गाभ्यावर तेवढाच खोलगट व्रण राहतो. एकच व्रण असला तर तो योगायोग असू शकतो. पण एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, दोन्ही बाजूंनी, एकाच धारेच्या रोखाने असे व्रण दिसले तर तिथे हात होता, आणि त्या हातामागे विचार होता.

नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या गाळात त्यांना हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्यांवरचा प्रबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला. मग प्रवरेकाठी नेवासे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तेच हे गाव. तिथे १९५४ पासून त्यांनी उत्खनन केले. वरच्या थरांत अलीकडची वस्ती, खाली सातवाहनांचा काळ, त्याखाली तांबे आणि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी, आणि नदीच्या गाळात त्याहून कितीतरी जुन्या माणसाने गारगोटीसारख्या रंगीत दगडाच्या केलेल्या तासण्या आणि टोचे. एकाच गावात एवढा काळ! संतांच्या आणि राजांच्या नावाने ओळखले जाणारे गाव बिननावाच्या माणसांचेही आहे, हे त्यांनी हातात दगड घेऊन दाखवले. मला त्यांचे हे काम सर्वांत मोठे वाटते. इतरांना जोर्वे किंवा इनामगाव मोठे वाटेल.

नर्मदेकाठी महेश्वरसमोर नावडातोडी आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांकडे तांबे होते, पण ते थोडे. कापणे, सोलणे, चिरणे ही रोजची कामे दगडी पात्यांनीच चालत. ही पाती काढण्याची युक्ती सांकळियांचे शिष्य डॉ. सुब्बाराव यांनी उलगडली. गाभ्याच्या एका कडेवर दोन्ही बाजूंनी बारीक छिलके काढून नागमोडी कणा करायचा. त्या कण्याच्या टोकावर घाव घातला की कण्यासकट पहिले पाते निघते आणि मागे सरळ धारा उरतात. पुढची पाती त्या धारांना धरून निघत जातात. सांकळियांनी याच पात्यांवर १९६७ साली एक लेख लिहिला आणि त्यांतून तिथल्या लोकांचे अर्थकारण मांडण्याचा प्रयत्न केला.

त्यांचे हत्यारांवरचे पुस्तक १९६४ सालचे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लेझेझी या गावी एक परिषद भरली. तिथे फ्रान्सचे बोर्द आणि अमेरिकेचे क्रॅबट्री या दोघांनी जमलेल्या विद्वानांसमोर दगड फोडून प्राचीन हत्यारे घडवून दाखवली. क्रॅबट्री पदवीधर नव्हते. नाद म्हणून दगड घडवता घडवता ते या विद्येतले मोठे नाव झाले. आज परदेशात हजारो माणसे हौस म्हणून असे बाण घडवतात. आपल्याकडे ही हौस कोणाला नाही, कारण इथे दगड फोडणे हे पोटाचे काम आहे.

सांकळियांच्या नजरेची एक गोष्ट मला फार आवडते. १९६९ साली, साठी उलटल्यावर, ते काश्मिरात पहलगामला गेले होते. लिद्दर नदीच्या काठी लोक देखावा पाहतात. यांना तिथे एक मोठा छिलका आणि एक हातकुऱ्हाड मिळाली. १९७३ साली ते निवृत्त झाले, पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळाले, १९७८ साली आत्मचरित्र आले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नाशिक आणि नेवासे येथे त्यांच्याबरोबर काम केलेले डॉ. शां. भा. देव पुढे नागपूर विद्यापीठात आले आणि त्यांनी विदर्भातली शिळावर्तुळे खणली. आपल्याच पारशिवनी तालुक्यात नैकुंडला लोखंड गाळण्याची जी प्राचीन भट्टी सापडली ती देवांच्याच १९७८ ते ८० च्या उत्खननात. म्हणजे सांकळियांच्या शाळेची वाट कन्हानच्या जवळून गेली आहे.

असो. दिवाळीच्या सुटीत मी नदीवर गेलो. रेल्वेच्या पुलाच्या वरच्या अंगाला गोटे पुष्कळ. पुस्तकातल्या आकृत्या समोर ठेवून चार दिवस दगडावर दगड आपटला. दोन बोटे कापली, चुरा झाला, छिलका एकही धड निघेना. पाचव्या दिवशी माय सरपण घेऊन त्या वाटेने आली. मी काय करतो आहे ते तिने विचारले. मी सांगितले. तिने गोटा हातात घेतला, फिरवून पाहिला, कानाशी नेऊन दुसऱ्या दगडाने हलकेच वाजवला आणि टाकून दिला. त्याला आत चीर होती म्हणे, आवाज बद्द येत होता. असे तीन टाकले. चौथा ठेवला. मी मध्यावर मारत होतो. तिने कडेला मारले, तेही सरळ न मारता जरा तिरपे, आणि तळहाताएवढा छिलका अलगद सुटून वाळूत पडला. खाली फुगवटा, त्यापुढे लाटा. सरांच्या पुस्तकातल्या आकृतीत आहे तसाच. मी तिला फुगवट्यावर बोट ठेवायला लावले आणि याला विद्वान लोक काय म्हणतात ते सांगितले. तिला त्याचे काही विशेष वाटले नाही. घाव कुठे बसला ते दगडावर दिसतेच, त्यात शिकण्यासारखे काय, असे तिचे म्हणणे पडले. त्या छिलक्याने तिने मोळीची दोरी कापून पाहिली. दोरी कापली गेली, तेव्हा मात्र ती हसली.

एक नियम मी सरांकडून ऐकला होता. आज घडवलेला दगड नदीकाठी तसाच टाकायचा नसतो, नाहीतर उद्या एखादा संशोधक त्याला हजारो वर्षांपूर्वीचा समजायचा. म्हणून मी सगळा चुरा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरून घरी आणला. मायने काढलेल्या छिलक्यावर काळ्या शाईने कन्हान घाट, तारीख आणि साल घातले. घडवणाऱ्याचे नाव लिहायचे राहिले होते. तिला विचारले, तर तिने आधी पूर्ण नाव सांगितले, मग जागा कमी आहे का ते पाहून घ्यायला सांगितले. जागा होती. छिलका आता इतिहास विभागातल्या कपाटात, सरांनी दिलेल्या काड्यापेटीच्या मोठ्या खोक्यात आहे. यंदा दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना तो रकाना मी नीट भरला.