लाँड्रीवाल्याची मुलगी आणि पडद्यावरचा नकली चिनी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील रंगमंचावर प्रेक्षकांना हसवण्याचा एक हुकमी उपाय होता. गोऱ्या नटाने चेहऱ्याला पिवळा रंग फासायचा, पाठीवर लांब वेणी सोडायची आणि मोडकेतोडके इंग्रजी बोलत कपडे धुवायचे, की प्रेक्षागृह हास्यात बुडून जाई. अमेरिकेतील चिनी माणूस म्हणजे लाँड्रीवाला, हे समीकरण या विनोदाने घट्ट केले. खाणीत आणि रेल्वेमार्गावर राबलेल्या चिन्यांना इतर व्यवसायांची दारे बंद होत गेल्याने ते लाँड्रीकडे वळले, ही बाजू अर्थातच त्या विनोदात नव्हती. १८८२ साली तर कायदा करून चिनी मजुरांना अमेरिकाप्रवेशच नाकारण्यात आला.

अशाच एका लाँड्रीवाल्याच्या घरी ३ जानेवारी १९०५ रोजी लॉस एंजल्स येथे अ‍ॅना मे वाँगचा जन्म झाला. मूळ नाव वाँग ल्यू त्साँग. शाळेत गोऱ्या मुलांनी तिला आणि तिच्या बहिणीला इतके छळले, की वडिलांनी त्यांना चिनी मुलांच्या मिशनरी शाळेत घातले. चिन्यांना वेदना होतात की नाही हे पाहण्यासाठी मागे बसणारा मुलगा टाचण्या टोचत असे आणि आपण त्यावर उपाय म्हणून जाड कोट घालून जात असू, अशी आठवण तिने पुढे सांगितली होती. शाळा बुडवून ती चित्रपट पाही. त्या काळी चित्रपटांचे चित्रीकरण चायनाटाऊनच्या रस्त्यांवरही होत असे. तिथेच तिला हे वेड लागले.

१९१९ साली 'द रेड लँटर्न'मध्ये ती गर्दीतला एक चेहरा होती. १९२२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सुरुवातीच्या रंगीत चित्रपटांपैकी एक असलेल्या 'द टोल ऑफ द सी'ची ती नायिका झाली. डग्लस फेअरबँक्सच्या 'द थीफ ऑफ बगदाद'ने (१९२४) तिला जगभर ओळख मिळवून दिली. मात्र ही ओळख विशिष्ट चौकटीतली होती. गुलाम मुलगी, कपटी नर्तकी किंवा गोऱ्या पुरुषासाठी प्राण देणारी प्रेमिका, याखेरीज चौथी भूमिका तिच्या वाट्याला क्वचितच येई. कथेच्या अखेरीस तिचे पात्र बहुधा मरत असे, कारण गोऱ्या नायकाशी त्याचा संसार दाखवणे स्टुडिओंना परवडणारे नव्हते. खुद्द कॅलिफोर्नियात असा विवाह १९४८ पर्यंत बेकायदा होता.

कंटाळून १९२८ साली ती युरोपला गेली. बर्लिन आणि लंडनने तिला डोक्यावर घेतले. ती जर्मन शिकली, लंडनच्या रंगभूमीवर लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर उभी राहिली आणि 'पिकॅडिली'त (१९२९) नायिकेपेक्षाही अधिक लक्षात राहिली. अर्थात, तिथेही शेवटी तिच्या पात्राचा खूनच झाला.

परतल्यावर हॉलिवूडने तिच्यापुढे ठेवला तो 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' (१९३१). सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाने निर्माण केलेल्या फू मांचू या क्रूरकर्म्याची ती मुलगी. बापाच्या भूमिकेत होता स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलंड. चित्रपटभर वावरणाऱ्या अ‍ॅनाला सहा हजार डॉलर मिळाले, तर थोडाच वेळ दिसणाऱ्या ओलंडला बारा हजार. याच ओलंडने सोळा चित्रपटांत चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर रंगवला. फू मांचूच्या तुलनेत चॅन सज्जन, हुशार. पण त्याचे अडखळते इंग्रजी आणि उठता-बसता सुभाषिते ऐकवण्याची लकब हाच प्रेक्षकांच्या करमणुकीचा विषय. भीतीचा चिनी आणि हसण्याचा चिनी, दोन्ही एकाच गोऱ्या नटाच्या पेटीतून निघत होते. (याबाबत आपणही फार मिरवण्याचे कारण नाही. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मधला चिनी खलनायक मदन पुरी यांनीच रंगवला होता.)

सर्वांत मोठा घाव पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ' या कादंबरीने दिला. चिनी शेतकरी कुटुंबाच्या या कथेवर एमजीएम चित्रपट काढणार, हे कळताच ओ-लानची भूमिका आपल्याला मिळेल अशी अ‍ॅनाला आशा होती. परंतु नायक म्हणून पॉल म्यूनीची निवड झाली आणि प्रश्न मिटला. रंगभूषेने म्यूनी चिनी झाला, तरी सेन्सॉरच्या नियमावलीच्या दृष्टीने तो गोराच राहिला. त्याची पत्नी खरी चिनी असून कसे चालेल? ओ-लान जर्मन वंशाच्या लुईस रायनरकडे गेली आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळाले. घर फोडणारी लोटस तेवढी अ‍ॅनाला देऊ करण्यात आली होती. ती तिने केली नाही. अखेर लोटसही ऑस्ट्रियाच्या टिली लॉशने केली.

१९३६ साली ती प्रथमच चीनला गेली. तिथे स्वागत झाले, तसे टोमणेही मिळाले. पडद्यावर चिनी स्त्रीची बदनामी करणारी नटी, असा तिच्यावर राष्ट्रवादी वृत्तपत्रांचा आक्षेप होता. परक्यांनी लिहिलेल्या भूमिकांचा जाब तिला द्यावा लागत होता! परतल्यावर तिने 'डॉटर ऑफ शांघाय'मध्ये (१९३७) धाडसी नायिका आणि 'किंग ऑफ चायनाटाऊन'मध्ये (१९३९) शल्यविशारद रंगवली. महायुद्धाच्या काळात तिने चीनच्या मदतीसाठी निधी गोळा केला. १९५१ साली तिच्या मूळ नावावर बेतलेली दूरचित्रवाणी मालिका आली. तीत ती कलादालनाची मालकीण आणि हौशी गुप्तहेर होती. त्या मालिकेची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

३ फेब्रुवारी १९६१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली, तेव्हा छप्पन वर्षांची होती. त्याच वर्षी 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' झळकला. त्यात मिकी रूनीने पुढे आलेले दात लावून रंगवलेल्या जपानी शेजाऱ्याला तेव्हाचे प्रेक्षक पोट धरून हसले. पीटर सेलर्सने १९८० साली फू मांचूवरही विनोदी चित्रपट केला.

२०२२ साली अमेरिकी टांकसाळीने पाव डॉलरच्या नाण्यावर अ‍ॅनाचा चेहरा कोरला. अमेरिकी चलनावर झळकलेली ती पहिली आशियाई अमेरिकी व्यक्ती. लॉस एंजल्समध्ये आई आणि बहिणीसमवेत जिथे ती विसावली आहे, तिथल्या दगडावर मात्र अ‍ॅना मे वाँग हे नाव आढळत नाही. आईच्या नावाच्या बाजूला तिचे चिनी नाव तेवढे उभ्या अक्षरांत आहे.