पडद्याआडच्या बायकांची वकील : कॉर्नेलियाबाई सोराबजी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे नेहमी येतात. सावित्रीबाई, रमाबाई रानडे, डॉक्टर आनंदीबाई यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. यंदा मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्यांचे नाव मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत असते. हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री वकील, कॉर्नेलिया सोराबजी, एवढेच. माझ्या मुलीला ती ओळ पाठ होती. पण या बाई कुठल्या, वकील होऊन त्यांनी कोणाचे काम केले, हे तिला विचारले तर सांगता येईना. मलाही ठाऊक नव्हते. मग वाचनालयातून मिळेल ते आणून वाचले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा कायद्याच्या भाषेत मला शिरता येणार नाही. मला जे समजले ते घरगुती शब्दांत सांगते.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म आपल्या नाशिकचा. तारीख 15 नोव्हेंबर 1866. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी, तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी घरच्यांचा बराच छळ सोसला. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज बाईंनी मुलीसारखे वाढवले होते. त्या बाईंचेच कॉर्नेलिया हे नाव लेकीला ठेवले. पुढे हे कुटुंब पुण्यास आले. तिथे आईने शाळा काढली, तीत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र शिकत. घरात मुली पुष्कळ आणि मुलगा एकच. पण मुलींना शिकवायचे की नाही हा प्रश्नच त्या घरात कधी निघाला नाही.

आईकडे नाना तऱ्हेच्या बायका आपली दुःखे घेऊन येत. त्यांतली एक गुजराथकडची श्रीमंत विधवा होती. तिची मालमत्ता पाहणाऱ्या कारभाऱ्याने कागदांवर तिच्या सह्या घेतल्या आणि सगळे स्वतःच्या नावावर करून घेतले. बाईला वाचता येत नव्हते आणि परपुरुषासमोर जायची चाल नव्हती, मग वकील गाठणार कसा? छोटी कॉर्नेलिया हे ऐकत बसली होती. मोठी झाल्यावर अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिकायला हवा, हे आईने तिला तेव्हाच समजावून सांगितले. मुलगी त्या वेळी आठ-नऊ वर्षांची असेल, पण ते तिच्या मनात पक्के बसले.

ही गोष्ट वाचताना मला माझ्या माहेरच्या नात्यातल्या एक काकू आठवल्या. काका गेले, तेरावे झाले, आणि पंधरा दिवसांच्या आत दिरांनी त्यांना मोटारीतून तालुक्याला नेले. काकूंना स्वतःचे नाव तेवढे लिहिता येत असे. दाखवतील तिथे त्यांनी ते लिहिले. येताना भजी आणि चहाही झाला म्हणे. ते हक्कसोडपत्र होते हे पुढे दोन वर्षांनी, विहिरीवरून भांडण झाले तेव्हा कळले. काकू पडद्यात नव्हत्या, रोज शेतात जात होत्या. तरी त्या दिवशी त्यांच्या बाजूचे, कागद वाचून दाखवणारे, जवळ कोणी नव्हते. असो.

कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. सगळ्या मुलांत ही एकटी मुलगी! ती येताना दिसली की काही विद्यार्थी वर्गाचे दार धाडकन लावून घेत. तरीही पदवीच्या परीक्षेत त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. हे 1888 च्या सुमाराचे. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. अशा हुशार विद्यार्थ्याला विलायतेस जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती यांना नाकारली, कारण त्या बाई होत्या. मुलगा असता तर पेढे वाटले असते, इथे नियम दाखवला.

त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजराथ कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची नोकरी त्यांनी धरली, तीही पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची. इकडे इंग्लंडात लेडी हॉबहाऊस या बाईंनी वर्तमानपत्रातून हा अन्याय लोकांपुढे मांडला. पैसे जमले. जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही त्यात आपला वाटा घातला. 1889 साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात गेल्या. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या रखमाबाई डॉक्टरी शिकायला लंडनला गेल्या होत्या. एकाच वर्षी आपल्याकडच्या दोन मुलींनी समुद्र ओलांडला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑक्सफर्डमध्ये कायद्याच्या मोठ्या परीक्षेला तोवर एकही बाई बसलेली नव्हती. विद्यापीठाने खास ठराव केला, तेव्हा 1892 मध्ये त्यांना परीक्षेला बसता आले. त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. बायकांना पदवी द्यायची नाही असा तिथला नियमच होता. स्वयंपाक करायला परवानगी, पण पानावर बसायचे नाही, अशातला प्रकार! ती पदवी हातात पडली 1922 साली. मधे तीस वर्षे गेली.

शिकून त्या परत आल्या आणि काठेवाड, इंदूर या बाजूच्या संस्थानांतील पडद्यातल्या बायकांची कामे पाहू लागल्या. संस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यापुढे त्या बायकांची बाजू मांडण्यापुरती त्यांना मोकळीक होती, पण वकील म्हणून कोर्टात उभे राहण्याचा हक्क नव्हता. आरोपीची बाजू कोणाही व्यक्तीला मांडता येईल अशी एक वाट कायद्यात होती. तिच्या आधारे 1896 मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टात, खुनाचा आरोप आलेल्या एका बाईसाठी त्या उभ्या राहिल्या. पुढे 1897 मध्ये मुंबईची एलएल.बी.ची परीक्षा दिली. 1899 मध्ये अलाहाबादेस वकिलीची परीक्षा दिली. परीक्षा झाल्या तरी सनद मिळेना.

त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात एका हत्तीच्या खटल्याची मजा आहे. पंचमहालाकडच्या एका संस्थानात हत्तीच्या चाऱ्यासाठी तोडून दिलेली झाडी राजाने परत घेतली, आणि हत्तीच्या वतीने या बाई राजापुढेच उभ्या राहिल्या. राजेसाहेब झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्या कुत्र्याला बाई आवडल्या असे पाहून त्यांनी तिथल्या तिथे निकाल हत्तीच्या बाजूने दिला. मला वाचताना खूप हसू आले. बाईंना मात्र वाईट वाटले असेल, इतकी तयारी करून गेल्या होत्या.

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे वळते. आपल्याकडे पडदा काही सरदार घराण्यांपुरताच होता, त्यामुळे बंगाल-बिहारच्या जमीनदारांच्या घरी काय स्थिती होती याची आपल्याला नीट कल्पना येत नाही. जमीनदार वारला आणि मागे विधवा किंवा अज्ञान मूल राहिले, की सरकार ती जमीनदारी आपल्या देखरेखीखाली घेई. त्या खात्याला कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. नाव कोर्ट, पण तिथे खटले चालत नसत, इस्टेटीची व्यवस्था चाले. आता ही विधवा राहणार जनान्यात. सरकारी अधिकारी पुरुष, वकील पुरुष, मुनीम पुरुष. साहेब आला तर पडद्याबाहेर बसणार, आणि आतले बोलणे बाहेर नेणार कोणीतरी नातलग नाहीतर कारभारी, म्हणजे बहुधा ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच! पडद्यामागे तीच बाई बसली आहे की दुसरीच कोणी आणून बसवली आहे, हेही बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसे. आतून एक अंगठा उमटून येई, आणि लाखांची इस्टेट इकडची तिकडे होई.

कायदा याबाबत अगदीच आंधळा नव्हता, हे मला वाचून नव्याने समजले. पडद्यातल्या बाईने कागदावर सही केली एवढे पुरे नाही, त्यात काय लिहिले आहे हे तिला समजले होते असे दाखवावे लागेल, असे त्या काळच्या वरिष्ठ न्यायालयांनी ठरवले होते. नियम चांगला होता. परंतु आपल्याकरता असा नियम आहे हे त्या बाईला सांगणार कोण?

कॉर्नेलियाबाईंनी नेमके हेच सरकारपुढे मांडले. या खात्यात कायदा जाणणारी एक स्त्री नेमा, ती पडद्याच्या आत जाऊ शकेल, अशी खटपट त्यांनी 1902 च्या सुमारास सुरू केली. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली, आणि काही वर्षांतच बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा मुलूख त्यांच्याकडे आला.

मग त्यांचा प्रवास सुरू झाला. कधी आगगाडी, कधी होडी, कधी पालखी. दूरदूरच्या वाड्यांत जायचे, आत बायकांमध्ये बसायचे, आधी मुलाबाळांची चौकशी करायची. विश्वास बसला की मग गोष्टी बाहेर निघत. कोणाची पोटगी दिरांनी बंद केलेली, कोणाचा लहान मुलगा गादीचा वारस म्हणून त्याच्या जिवाला धोका, कोणाला आपली मिळकत किती हेच माहीत नाही. बाई त्यांना त्यांचा हक्क समजावून सांगत, कागद तपासत, सरकारला कळवत, मुलांच्या शिक्षणाची सोय लावत. पुष्कळदा भांडण कोर्टापर्यंत न नेता घरातल्या घरात मिटवत. सुमारे वीस वर्षांत सहाशेच्या वर बायका-मुलांना त्यांची मदत झाली. पुष्कळांकडून त्यांनी काही घेतले नाही.

गंमत अशी की एवढे करूनही त्या वकील नव्हत्याच! 1916 साली कलकत्त्यात रेजिना गुहा या मुलीने सनदेसाठी अर्ज केला, तर हायकोर्टाने तो फेटाळला. 1921 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून दाखल करून घेतले, आणि 1923 च्या कायद्याने सगळ्याच बायकांना ही वाट मोकळी झाली. 1924 पासून त्या कलकत्ता हायकोर्टात होत्या. तोवर त्यांचे वय सत्तावन्न झाले होते. पुरुषांच्या कोर्टात त्यांना उभे राहून बोलण्याची संधी फारशी मिळाली नाही, बहुतेक काम कागदावर अभिप्राय लिहून देण्याचेच मिळाले. 1929 मध्ये काम सोडून त्या लंडनला गेल्या.

चरित्र सांगायचे तर सगळे सांगावे, म्हणून एक न आवडलेली गोष्टही लिहिते. कॉर्नेलियाबाई इंग्रज सरकारच्या बाजूच्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना पटली नाही. मिस मेयो या अमेरिकन बाईंनी 1927 मध्ये आपल्या देशाची नालस्ती करणारे पुस्तक लिहिले, त्यांचीही यांनी बाजू घेतली. त्यामुळे इथल्या कित्येक सुशिक्षित स्त्रिया त्यांच्यापासून दूर गेल्या, आणि मला वाटते, त्यांचे नाव आपल्या हळदीकुंकवाच्या भाषणांत येत नाही ते याचमुळे. मलाही त्यांचे ते वागणे पटत नाही. पण त्या जनान्यातल्या सहाशे जणींना राजकारण विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते कोण जाणे! 6 जुलै 1954 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी एकटीने केले ते काम आता कायद्याने सरकारवर सोपवले आहे, आणि ते आपल्यापैकी बहुतेकींना माहीत नाही, म्हणून शेवटी तेवढे लिहिते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 साली झाला आणि 1995 पासून लागू झाला. त्याप्रमाणे प्रत्येक बाईला, मग तिची किंवा तिच्या नवऱ्याची मिळकत कितीही असो, फुकट वकील मागता येतो. मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्यांनाही मिळकतीची अट नाही. नुसता सल्ला हवा असला तरी चालते. जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. 15100 या नंबरावर फोन करूनही विचारता येते. अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो. जिला लिहिता येत नाही तिने तोंडी सांगायचे. तिथली माणसे लिहून घेतात आणि त्याखाली तिचा अंगठा घेतात.