कॅप्टन फॉर्सिथ आणि त्याचा नेम

शिकारकथांचा विषय निघाला की आपल्याला प्रथम आठवतो तो जिम कॉर्बेट. त्याचे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. पण कॉर्बेट जन्मला १८७५ साली. त्याच्या चार वर्षे आधीच या जगातून निघून गेलेला एक शिकारी असा होता, की ज्याने शिकारीच्या रायफलीवर एक शास्त्रीय ग्रंथ लिहिला, सातपुड्याची जंगले पायाखाली घातली आणि अवघ्या तेहतिसाव्या वर्षी जगाचा निरोप घेतला. त्याचे नाव कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. मध्य प्रदेशात पंचमढीला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या कानी हे नाव पडते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणी घेत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

माझे मामा देवासला आणि मावशी धारला असल्यामुळे माळव्याशी माझा लहानपणापासून संबंध आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदत होत्या. आजही तेथील कित्येक घरांत मराठी बोलली जाते. धारहून मांडवगडला गेले आणि रूपमतीच्या महालाच्या गच्चीवर उभे राहिले, की दक्षिणेला हजारभर फूट खाली निमाडचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघही दिसते. देवास जिल्ह्याची दक्षिण सीमाही नर्मदाच. तिच्या पलीकडे खांडव्याचा, म्हणजे पूर्व निमाडचा प्रदेश लागतो. हे निमाड म्हणजे फॉर्सिथची कर्मभूमी. माळव्याच्या पठाराच्या उंबरठ्यावरच तो राहिला आणि वावरला.

फॉर्सिथचा जन्म १८३८ सालचा. विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन तो हिंदुस्थानात नोकरीस आला. पुढे बंगाल स्टाफ कोअरमध्ये तो कॅप्टन झाला. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला होता. धारचे संस्थान खालसा झाले आणि १८६० मध्ये आनंदराव पवारांना परत मिळाले. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले होते. ही धामधूम संपल्यावर १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण केला. त्याचा चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल. हाच टेंपल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या हाताखाली फॉर्सिथने आधी जंगल खात्यात काम केले आणि नंतर निमाडचा जमाबंदी अधिकारी व डेप्युटी कमिशनर म्हणून काम पाहिले.

१८६२ साली तो पंचमढीच्या पठारावर पोहोचला. तेव्हा त्याचे वय चोवीस, म्हणजे माझ्यापेक्षा केवळ चार वर्षांनी अधिक! तेथे त्याने बांधलेले ‘बायसन लॉज’ पुढे वनखात्याचे संग्रहालय झाले. पंचमढीचा शोध फॉर्सिथने लावला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हे मला पटत नाही. कोरकू आणि गोंड लोक त्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. महादेवाच्या यात्रेला दुरून माणसे येत होती. आणि याच डोंगरांत भभूतसिंह हा कोरकू जहागीरदार इंग्रजांशी लढला होता व त्यासाठी त्याला देहान्त शिक्षा झाली होती. फॉर्सिथने लावला तो इंग्रज सरकारच्या उपयोगाचा शोध, एवढेच म्हणणे न्यायाचे होईल.

आता त्याच्या रायफलीकडे वळू. १८६२-६३ च्या सुमारास त्याचा ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हा ग्रंथ लंडनला निघाला आणि १८६७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्याचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाची परिस्थिती पाहिली पाहिजे. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तर रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणेच तोल सांभाळते. जितकी गोळी लांबट तितका पीळ घट्ट लागतो. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रतज्ज्ञाने षट्‌कोनी नळीची रायफल तयार केली. तिचा पीळ दर २० इंचांत एक पूर्ण फेरा घेई. १८६० च्या जुलैमध्ये विम्बल्डनच्या मैदानात राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीचा पहिला बार काढला आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर गोळी बसली. रायफल अर्थात घोडीवर पक्की बसवलेली होती. लांब पल्ल्याच्या या रायफलींचा तेव्हा सर्वत्र बोलबाला होता.

फॉर्सिथने या बोलबाल्याला विरोध केला. त्याचा मुद्दा साधा होता. मैदानातले लक्ष्य किती यार्डांवर आहे हे नेमबाजाला आधीच ठाऊक असते. जंगलातला सांबर आपले अंतर सांगत नाही. ते नजरेने ओळखावे लागते, आणि झाडोऱ्यात, उतारावर, संधिप्रकाशात ही ओळख हमखास चुकते. तेव्हा शिकाऱ्याला हवी ती अशी रायफल, की अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी जागीच लागेल.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्यामुळे हे नुसते वाचून समाधान होईना, म्हणून आकडे मांडून पाहिले. नळीतून सुटलेली गोळी त्याच क्षणापासून खाली पडू लागते. पाव सेकंदात ती एक फूट पडते, अर्ध्या सेकंदात चार फूट आणि एका सेकंदात सोळा फूट. वेळ दुप्पट झाला की पडणे चौपट होते. चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार, सावध नसलेल्याला बुडवणारा. आता समजा, दोन रायफली आहेत. एकीच्या गोळीचा वेग सेकंदाला ९०० फूट, दुसरीचा १,६०० फूट. दोन्हींचा नेम १०० यार्डांसाठी बसवला आहे, पण जनावर प्रत्यक्षात १५० यार्डांवर आहे. हवेचा अडथळा सोडून हिशेब केला, तर पहिलीची गोळी नेमाच्या सोळा इंच खाली जाते आणि दुसरीची केवळ पाच इंच. हरणाच्या छातीवर धरलेल्या नेमात पाच इंचांनी फारसे बिघडत नाही. सोळा इंचांनी मात्र छातीऐवजी पाय मोडतो. मोडक्या पायाचे जनावर जाळीत शिरते आणि दिवसच्या दिवस तडफडून मरते. वाघाच्या बाबतीत तर अशी जखम म्हणजे आसपासच्या गावांवर ओढवलेले संकट. जखमी होऊन नेहमीची शिकार करता येईनाशी झाली, की वाघ माणसाकडे वळू शकतो.

मग वेग वाढवायचा कसा? दारू अधिक घालायची. पण लांबट गोळी वजनाने जड, तिच्यामागे फार दारू ठासली तर खांद्याला असह्य धक्का बसतो. म्हणून फॉर्सिथने जुन्या वाटोळ्या गोळीचा पुरस्कार केला. ती हलकी, तिला फिरकी थोडी पुरते आणि तिच्यामागे दारू भरपूर घालता येते. अडचण एकच होती. घट्ट पिळाच्या नळीत एवढ्या जोराने ढकललेली गोळी खाचा धरीतच नाही. ती खाचांवरून सरळ घसरून जाते आणि फिरकी न घेताच बाहेर पडते. यावर त्याचा उपाय म्हणजे पीळ अगदी सैल करणे. चौदा बोअरच्या, म्हणजे एका पौंडात चौदा गोळ्या बसतील अशा जाडीच्या नळीसाठी त्याने सुमारे १०४ इंचांत एक फेरा एवढा सैल पीळ सुचवला. व्हिटवर्थच्या २० इंचांशी याची तुलना करावी! तोंडाने ठासायच्या बंदुकांचे आजचे शौकीन अशा पिळाला अजूनही फॉर्सिथचेच नाव देतात.

या रायफलीला मर्यादा होती. वाटोळी गोळी हवेत लवकर मंदावते, त्यामुळे लांबच्या पल्ल्याला ती निरुपयोगी. फॉर्सिथला हे पूर्ण मान्य होते. जंगलातली बहुतेक शिकार शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत होते, त्यापलीकडे बार टाकण्याचा मोह न धरता जनावराच्या जवळ जाण्याची कला शिकावी, अशी त्याची भूमिका होती. लांबचा नेम सुधारण्याचा विचार करता करता हा माणूस अशा निष्कर्षाला आला, की पहिली सुधारणा नळीत नव्हे, शिकाऱ्याच्या विवेकात व्हावयास हवी. मला त्याच्या चरित्रातील ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आमच्यापैकी जे एन. सी. सी. मध्ये आहेत त्यांना पॉइंट टू टू रायफलीच्या सरावात श्वास रोखणे, चाप हळू दाबणे हे शिकवले जाते. बार केव्हा टाकू नये हे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते.

आता या खात्याची दुसरी बाजू. त्याच काळात मुंबईहून जबलपूरकडे लोहमार्ग येत होता. १८७० मध्ये तो खांडव्यावरून पुरा झाला. लोहमार्गाला स्लीपर हवेत, स्लीपरला सागवान हवे. सातपुड्यातील सागाची बेसुमार तोड झाली. ती आवरण्यासाठी जंगल खाते आले आणि फॉर्सिथ त्या खात्याचा आरंभीचा अधिकारी. १८६५ मध्ये पंचमढीजवळचे बोरीचे जंगल राखीव झाले. देशातील सर्वांत जुन्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. जंगल वाचले हे खरे, पण त्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘दह्या’ पद्धतीने, म्हणजे झाडोरा जाळून त्या राखेत शेती करणाऱ्या गोंड-कोरकूंवर बंधने आली. लोहमार्गासाठी झाडे तोडली कोणी आणि कुऱ्हाड खाली ठेवण्याची सक्ती झाली कोणावर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. फॉर्सिथने या लोकांविषयी जिज्ञासेने लिहिले. नागपूरचे पाद्री हिस्लॉप यांनी मिळवलेली गोंडांची लिंगो-कथा त्याने इंग्रजी पद्यात आणली. तरी तो सरकारचा माणूस होता हे विसरता येत नाही.

या सर्व भ्रमंतीचे फळ म्हणजे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा त्याचा दुसरा ग्रंथ. तो १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचे स्वागत पाहणे लेखकाच्या नशिबी नव्हते. १ मे १८७१ रोजी फॉर्सिथ लंडनमध्ये वारला.

पुढे काडतुसाच्या रायफली आल्या, बिनधुराची दारू आली आणि वाटोळी गोळी मागे पडली. तथापि वेग वाढवून गोळीची वाट सपाट करावी हे फॉर्सिथचे तत्त्व नव्या रायफलींतही कायम राहिले. गोळीचा पल्ला वाढला आणि शिकाऱ्याला जनावराच्या जवळ जाण्याची गरज उरली नाही. सावधपणा सुटला, बंदुका वाढल्या आणि जंगले ओस पडत गेली. अखेर १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा करून शिकार थांबवावी लागली. देवास जिल्ह्याच्या टोकाला खिवनीचे अभयारण्य आहे. तेथील जनावरे आज रायफलीच्या नव्हे, कायद्याच्या आधाराने जगतात.

फॉर्सिथच्या खात्यात जमा किती आणि खर्च किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याने पुष्कळ जनावरे मारली हे नावे मांडले पाहिजे. त्याने अचूकतेला दयेची जोड दिली आणि आपल्या रायफलीची हद्द स्वतःच जाहीर केली, हे जमेला धरले पाहिजे. मराठीत ‘नेम’ या शब्दाचा एक अर्थ लक्ष्य साधणे आणि दुसरा अर्थ नियम, व्रत. कन्नडमध्ये ‘गुरि’ म्हणजे निशाणही आणि जीवनाचे ध्येयही. दोन्ही भाषांनी हाताचा नेम आणि मनाचा नेम एकाच शब्दात बांधला आहे. आपण सारे विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या दूरच्या लक्ष्यावर नजर लावून बसलो आहोत. अशा वेळी आपला पल्ला किती, याचा हिशेब आधी करणारा आणि उरलेले अंतर पायांनी कापायला तयार असलेला माणूस आदर्श मानायला हरकत नसावी.