कन्फ्यूशियसच्या दारी मातेओ रिची

लिस्बनहून निघालेले जहाज जवळजवळ सहा महिन्यांच्या प्रवासानंतर १३ सप्टेंबर १५७८ रोजी गोव्याला लागले. त्यातून उतरलेल्या जेझुइटांमध्ये पंचवीस वर्षांचा एक इटालियन विद्यार्थी होता. मातेओ रिची हे त्याचे नाव. इटलीतील माचेराता या गावी १५५२ साली त्याचा जन्म झाला. वडिलांच्या इच्छेनुसार तो कायदा शिकण्यासाठी रोमला गेला, परंतु १५७१ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. गणित आणि खगोलशास्त्र तो ख्रिस्तोफर क्लावियस या नामांकित गुरूपाशी शिकला होता.

रिचीने पाहिलेला गोवा सुखाचा नव्हता. इन्क्विझिशन सुरू होऊन अठरा वर्षे लोटली होती. बारदेश आणि साष्टीतील देवळे जमीनदोस्त झाली होती. ज्यांना जमले त्यांनी आपले देव रातोरात नदीपार नेले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्वे येथे आला तो याच काळात. तेव्हा डिचोलीवर पोर्तुगिजांची नव्हे, आदिलशाहीची सत्ता होती. जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात रिची धर्मशास्त्र शिकत होता आणि लॅटिन व ग्रीक शिकवीत होता. १५८० मध्ये कोचीनला त्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळाली आणि पुढच्या वर्षी तो गोव्याला परतला. त्या वर्षी रोममधील संघप्रमुखांना पाठवलेल्या पत्रात त्याने एका निर्णयाविरुद्ध तक्रार केली. स्थानिक विद्यार्थी अधिक शिकले तर गर्विष्ठ होतील, या भीतीने त्यांच्यापुढे उच्च शिक्षणाचे दार बंद केले जात होते. एतद्देशीयांची बुद्धी कमी लेखणे रिचीला रुचले नाही. त्याच्या पुढील आयुष्याचे बीज या पत्रात दिसते.

एप्रिल १५८२ मध्ये त्याने गोवा सोडला. त्याच्याबरोबर एकाच ताफ्यातून भारतात आलेला रोदोल्फो आक्वाविवा अकबराच्या दरबारातून परतल्यावर साष्टीत गेला आणि जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या उठावात मारला गेला. देवळे पाडणाऱ्यांविरुद्धचा तो संताप होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, रिची दक्षिण चीनमधील चाओछिंग या शहरात पोहोचला. त्याच्यापाशी तलवार नव्हती, तोफा नव्हत्या आणि पाठीशी सत्ताही नव्हती. मिंग साम्राज्यात परक्याने परवानगीवाचून पाऊल टाकणेही कठीण होते. त्याच्या सौजन्याचा काही वाटा या असहायतेला द्यावा लागेल.

आरंभी त्याने डोके मुंडवून बौद्ध भिक्षूंचा वेष घेतला. धर्मपुरुष म्हणून आपल्याला मान मिळेल, असा त्याचा समज होता. पण अधिकारीवर्गात भिक्षूंना फारशी प्रतिष्ठा नव्हती, हे समजायला बारा वर्षे गेली. १५९५ मध्ये त्याने दाढी वाढवली, रेशमी झगा चढवला आणि तो पंडितांच्या वेषात वावरू लागला. तोवर कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चार ग्रंथांचा त्याने कसून अभ्यास केला होता.

ख्रिस्तपूर्व ५५१ मध्ये जन्मलेल्या या आचार्याने देव किंवा मरणोत्तर लोक यांविषयी फारसे काही सांगितले नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे, हाच त्याचा विषय. मातापित्यांविषयी आदर, राजा व प्रजा यांचे परस्पर कर्तव्य, थोरल्याधाकट्यांतील मर्यादा आणि प्रत्येक प्रसंगीचा योग्य आचार यांवर त्याची शिकवण उभी आहे. म्हणून घरोघरी पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्या असत. ठरलेल्या दिवशी त्यांच्यापुढे अन्न ठेवून धूप जाळला जाई. अधिकारी आणि विद्यार्थी कन्फ्यूशियसच्या पाटीपुढे वाकत. ही मूर्तिपूजा मानायची की काय? गोव्यात या प्रश्नाला एकच उत्तर होते. रिचीने वेगळे उत्तर दिले. कन्फ्यूशियसकडे कोणी वर मागत नाही. मृत पित्यापुढे ठेवलेले ताट हे तो जिवंत असताना दाखवलेल्या आदराचेच पुढचे पाऊल आहे. तेव्हा ख्रिस्ती झालेल्या चिनी माणसाने हे आचार सोडण्याचे कारण नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात मुत्सद्दीपणाही होता: हे आचार सोडणारा पंडित समाजाच्या लेखी कृतघ्न पुत्र ठरून पदाला मुकला असता.

मात्र ही उदारता कन्फ्यूशियसच्या उंबरठ्यापाशी थांबली. बौद्ध आणि ताओ मतांना रिचीने कधीच जवळ केले नाही. १५९९ मध्ये नानजिंगला शुएलांग या विद्वान भिक्षूशी त्याचा वाद झाला. १६०३ च्या आपल्या चिनी धर्मग्रंथात तर पुनर्जन्माची कल्पना ग्रीक पायथागोरसची असून भारताने आणि बुद्धाने ती उचलली, असे त्याने लिहिले. गोव्यात आणि कोचीनमध्ये चार वर्षे काढलेल्या माणसाने हे लिहावे, याचे नवल वाटते.

सामान्य चिनी घर या वादापासून दूर होते. पूर्वजांच्या पाट्या, करुणामूर्ती ग्वानयिन आणि ताओपंथी पुरोहिताचा मंतरलेला कागद एकाच छपराखाली नांदत. चुलीचा देव वर्षअखेरीस स्वर्गात घरचा अहवाल द्यायला निघे, तेव्हा त्याने गोड बोलावे म्हणून त्याच्या तोंडाला गोड फासत. रिचीला हा गोंधळ वाटला. तिन्ही मते मानणाऱ्याला एकही मत उरत नाही, अशी त्याची धारणा होती. मुळगावच्या केळबाईला, शिरगावच्या लईराईला आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला सख्ख्या बहिणी मानणाऱ्या डिचोलीकराला मात्र त्या घरात परके वाटले नसते.

१६०१ च्या जानेवारीत रिची बीजिंगला पोहोचला. वानली सम्राटाने त्याला कधी समोर बोलावले नाही. पण नजर केलेली घड्याळे त्याला फार आवडली, आणि ती चालू ठेवण्यासाठी जेझुइटांची गरज राहिली. १६०२ मध्ये रिचीचा चिनी भाषेतील जगाचा मोठा नकाशा छापला गेला. १६०७ मध्ये श्यू ग्वांगछी या पंडिताच्या साहाय्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनीत आले. १६०५ मध्ये कायफेंगहून आलेला एक ज्यू पंडित त्याला भेटला. मेरी, बाल येशू आणि योहान यांचे चित्र त्याला आपल्या धर्मग्रंथातील रिबेका आणि तिच्या जुळ्या मुलांचे वाटले, आणि त्याने आदराने मस्तक नमवले. चीनच्या पोटात आणखी किती पंथ आहेत, हे रिचीला त्या दिवशी उमगले असावे.

११ मे १६१० रोजी तो बीजिंगमध्ये वारला. सम्राटाने दफनासाठी जागा दिली. परकीयाला हा मान दुर्मीळ होता. त्याची कबर आजही तेथे आहे.

त्याने दिलेले उत्तर मात्र पुढे चर्चनेच नाकारले. इतर पंथांच्या मिशनऱ्यांनी तक्रारी केल्या, वाद शतकभर चालला आणि १७०४, १७१५ व १७४२ च्या आदेशांनी पूर्वजांचे आचार ख्रिस्ती चिनी लोकांना निषिद्ध ठरले. १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणाऱ्या कांगशी सम्राटाने संतापून १७२१ मध्ये धर्मप्रचारावर बंदी आणली. रोमने ती मनाई उठवली ती डिसेंबर १९३९ मध्ये, रिचीच्या मृत्यूनंतर ३२९ वर्षांनी.

शांघायच्या घड्याळजींनी रोमच्या निकालाची वाट पाहिली नव्हती. चीनला घड्याळ दाखवणारा म्हणून त्यांनी रिचीलाच आपल्या धंद्याचा देव केले, आणि त्याच्या चिनी नावापुढे बोधिसत्त्व हे पद जोडून ते त्याला पुजू लागले.